स्तनाग्र आत वळलेले असेल तर: शस्त्रक्रियेकडून काय अपेक्षा ठेवावी?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात दवाखान्यात बाळंत होऊन बाई घरी आली की आशाताईंच्या घरभेटी सुरू होतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. बाळाचे वजन, अंगाचा ताप, नाळ आणि अंगावर पाजणे हे सगळे त्या बघतात. ‘बाळ धरतच नाही’ ही तक्रार याच भेटींत पुढे येते. कधी बाळ झोपाळू असते, कधी आईची बसण्याची पद्धत चुकते, आणि कधी पदर बाजूला झाल्यावर कळते की बोंड आत ओढलेले आहे. घरात तोवर ‘हिला दूधच नाही’ असे ठरून गेलेले असते. खरे तर दूध असते, बाळाच्या तोंडाला पकड मिळत नसते.

आत ओढलेले स्तनाग्र आणखी दोघींना अडवते. लग्न ठरलेली मुलगी मोबाइलवर ‘अर्ध्या तासात दुरुस्ती’ अशी जाहिरात बघते आणि कुणाला विचारावे या कोड्यात पडते. पन्नाशीतली बाई गेल्या काही महिन्यांत एकाच बाजूचे बोंड आत गेलेले बघते आणि वयाचा परिणाम म्हणून सोडून देते. दिसायला तिघींचे सारखे असले तरी पहिलीला मदत आजच हवी, दुसरीच्या हाती वेळ आहे आणि तिसरीने एक आठवडाही दवडू नये. शस्त्रक्रियेविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक दुसरीपुरते असते. या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर तिघींनाही डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

मुळात होते काय

गर्भात स्तनाग्राच्या जागी आधी एक लहानसा खळगा असतो. जन्माच्या सुमारास त्याखालची ऊती वाढते आणि खळगा बाहेर येऊन त्याचे बोंड होते. काहींमध्ये हे पूर्ण होत नाही. दूध वाहून आणणाऱ्या नलिका आखूड राहतात, त्यांच्याभोवती तंतूंचे घट्ट पट्टे असतात आणि बोंडाखाली पुरेसा भराव नसतो. ही जन्मजात रचना आहे, आजार नाही. घरात आणखी कुणाला तसे असले तर नवल नाही.

इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० साली स्तनाच्या रचनेवरच्या ग्रंथात याची नोंद केली. पहिली शस्त्रक्रिया जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ केहरर यांच्या नावावर १८७९ च्या सुमारास सांगितली जाते. त्यानंतरच्या काळात इतक्या पद्धती निघाल्या की त्यांची मोजदादही अवघड आहे. एखाद्या दुखण्यावर शंभर उपाय असतील तर त्यातला एकही निर्विवाद सरस नसतो, हे वैद्यकातले जुने निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडते.

किती जणींमध्ये हे आढळते यावरही एकमत नाही. कोरियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,६२५ अविवाहित तरुणी तपासल्या, त्यांत प्रमाण ३.२६ टक्के निघाले आणि बहुतेकींमध्ये दोन्ही बाजू आत होत्या. ब्रिटनमधल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासांत मात्र दहा टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिला जातो. फरक मोजण्याच्या रीतीत आहे. कुणी नुसते दिसणे बघते, कुणी चपटी बोंडेही यात धरते, तर कुणी दाबून बघते.

दाबून बघण्याची रीत सोपी आहे. बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेवर अंगठा आणि तर्जनी ठेवून हलके दाबायचे. बोंड बाहेर आले आणि थोडा वेळ टिकले तर अडचण किरकोळ. बाहेर येऊन लगेच आत गेले तर मधली. दाबल्यावर आणखीच आत गेले, ओढूनही येईना, तर घट्ट अडकलेले. कोरियातल्या हान आणि हाँग या शल्यविशारदांनी १९९९ साली याच तत्त्वावर तीन श्रेणी आखल्या आणि त्या आज जगभर वापरल्या जातात. पहिल्या श्रेणीत तंतूंचे पट्टे नावापुरते आणि नलिका धडधाकट असतात. दुसरीत पट्टे मध्यम असतात. तिसरीत नलिका फारच आखूड असतात आणि बोंडाखाली भराव जवळपास नसतो. शस्त्रक्रियेकडून काय मिळेल याचे निम्मे उत्तर या श्रेणीतच दडलेले असते. जाहिरातीत तिचा उल्लेख मात्र क्वचित सापडतो.

गरोदरपणात ‘तयारी’ करावी का?

शस्त्रक्रियेआधी या जुन्या वादाचा निकाल बघायला हवा. १९५३ साली हॉफमन यांनी एक व्यायाम सुचवला. दोन अंगठे बोंडाच्या दोन्ही बाजूंना ठेवून त्वचा बाहेरच्या दिशेने ताणायची, म्हणजे आतले पट्टे सैल होतात, असे त्यामागचे गृहीतक. त्याच्या जोडीला प्लास्टिकची कवचे आली. अनेक दशके प्रसूतिपूर्व तपासणीत हे शिकवले जात होते.

ब्रिटनमध्ये १९९२ साली ९६ स्त्रियांवर चाचणी झाली, तेव्हा व्यायामाचा फायदा दिसला नाही आणि कवचे वापरणाऱ्यांना उलट तोटाच झाला. १९९४ ची चाचणी मोठी होती. ब्रिटन आणि कॅनडातल्या १७ केंद्रांत ४६३ गरोदर स्त्रियांनी त्यात भाग घेतला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अंगावर पाजणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत जवळपास सारखेच, ४५ टक्क्यांच्या घरात निघाले. त्यानंतर गरोदरपणातली सरसकट तयारी मागे पडली.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. गरोदरपणातच स्तन एकदा बघितले तर कुणाला बाळंतपणानंतर जास्त मदत लागेल हे आधी कळते, असे अनेक परिचारिका आणि स्तनपान सल्लागार मानतात. बघण्यानेच आईच्या मनात ‘आपल्यात खोट आहे’ ही भीती रुजते, असे विरोधी मत आहे. दोन्हींत तथ्य आहे. जिथे घरात एकांत मिळत नाही आणि सासूचा शब्द अखेरचा असतो, तिथे सासूसमोर ‘बोंड आत आहे’ असे जाहीर होणे आणि आईच्या कानात समजावून सांगणे यांत फार अंतर पडते.

याच्या जोडीला शरीराची स्वतःची मदत असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्तनाची ऊती मऊ आणि लवचीक होते. बाळ नुसते बोंड चोखत नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात घेते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतल्या बऱ्याच जणी योग्य पकड शिकल्यावर कुठलीही शस्त्रक्रिया न करता पाजतात.

कापलेली सिरिंज

या विषयात भारताने जगाला दिलेली गोष्ट शस्त्रक्रियागृहात जन्मली नाही. कर्नाटकातल्या दावणगेरेच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. निर्मला केसरी आणि त्यांचे सहकारी यांनी वापरून टाकायच्या प्लास्टिक सिरिंजचा उपयोग १९९३ साली प्रसिद्ध केला. मोजक्याच मातांवरचा अभ्यास होता, पण पद्धत इतकी स्वस्त आणि सोपी की जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या स्तनपान समुपदेशनाच्या प्रशिक्षणात तिला जागा मिळाली.

कृती अशी. नवी सिरिंज घ्यायची, बोंडाच्या मापाप्रमाणे दहा किंवा वीस मिलिलीटरची. सुई बसते ते टोक धारदार पात्याने सरळ कापून टाकायचे. दांडा बाहेर काढून कापलेल्या बाजूने उलटा आत सरकवायचा, म्हणजे कारखान्यातली गुळगुळीत कडा स्तनाकडे येते. कापलेली खरखरीत कडा कातडीला लागता कामा नये, ही यातली मुख्य खबरदारी. गुळगुळीत तोंड बोंडावर टेकवून आईने स्वतः दांडा हळूहळू मागे ओढायचा. अर्धा ते एक मिनिट तसाच धरायचा. दुखले की ढील द्यायची. काढताना दांडा आधी किंचित पुढे ढकलून हवेचा ताण सोडायचा, नाहीतर त्वचा सोलवटते. बाळाला लावण्याच्या आधी हे केले की बोंड तेवढ्यापुरते बाहेर येते आणि पकड मिळते. दांडा ओढणारा हात आईचाच हवा, दुसऱ्याला वेदनेचा अंदाज येत नाही.

हा कायमचा इलाज नाही आणि घट्ट अडकलेल्या तिसऱ्या श्रेणीत त्याचा उपयोग कमी. याच तत्त्वावरचे ‘निपलेट’ नावाचे साधन ब्रिटनच्या डग्लस मॅकजॉर्ज यांनी १९९४ साली मांडले. ते लहान कपासारखे असते आणि रोज बराच वेळ, महिनोन्‌महिने वापरावे लागते. काही ठिकाणी बोंडातून धातूची तार किंवा कडी घालून ते बाहेर धरून ठेवण्याचेही प्रयोग झाले. चिकाटी ठेवणाऱ्यांना फायदा झाल्याची वर्णने आहेत, मोठ्या तुलनात्मक चाचण्या नाहीत.

नलिका राखायच्या की कापायच्या

शस्त्रक्रियेतला खरा मतभेद इथे आहे.

एका विचारसरणीचे म्हणणे असे की बोंडाला आत खेचणाऱ्या दोऱ्या म्हणजे आखूड नलिका, त्या कापल्याशिवाय ते कायमचे बाहेर राहणार नाही. अमेरिकेतल्या ब्रॉडबेंट आणि वुल्फ यांची १९७६ ची पद्धत या घराण्यातली. पुन्हा आत जाण्याचा धोका त्यात कमी असल्याचे तिचे समर्थक सांगतात, आणि तिसऱ्या श्रेणीत हा दावा पटण्याजोगा आहे. किंमत मात्र उघड आहे. सगळ्या नलिका कापल्या तर त्या बाजूने बाळाला दूध मिळत नाही. बाळंतपणानंतर स्तन भरतो, ठणकतो आणि काही दिवसांनी आटतो. कापलेल्या नलिका क्वचित पुन्हा जुळतात, पण त्या भरवशावर निर्णय घेता येत नाही.

दुसऱ्या विचारसरणीचा भर नलिका वाचवण्यावर आहे. तंतूंचे पट्टे बारीक कात्रीने नलिकांच्या दिशेला समांतर, एकेक करून मोकळे करायचे. मग बोंडाखालची पोकळी आजूबाजूच्या त्वचेखालच्या ऊतीच्या लहान पट्ट्या वळवून भरायची आणि मुळाशी बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून गळा थोडा आवळायचा. तैमूरियन आणि अधम यांनी १९८० साली मांडलेली पट्ट्यांची पद्धत या शाखेचा एक आधार मानली जाते. नाडीचा टाका जास्त आवळला तर रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिला तर बोंड पुन्हा आत जाते. शल्यविशारदाचे कसब या एका गाठीत दिसते.

नलिका किती असतात यावरही हा वाद फिरतो. जुनी पुस्तके प्रत्येक स्तनात १५ ते २० नलिका सांगतात. ऑस्ट्रेलियात २००५ साली दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केली तेव्हा बोंडापाशी पोचणाऱ्या मुख्य नलिका सरासरी नऊच्या आसपास भरल्या, आणि त्यांच्या फांद्या बोंडाच्या अगदी जवळच फुटलेल्या दिसल्या. म्हणजे ‘दोन-चार कापल्या तरी बिघडत नाही’ हे म्हणणे वाटते तितके सुरक्षित नाही.

हान आणि हाँग यांच्या श्रेणीवारीने तडजोडीची वाट दाखवली. पहिल्या दोन श्रेणींत नलिका राखाव्यात आणि तिसरीत, तेही गरज पडली तरच, कापाव्यात. बहुतेक शल्यविशारद आज याच्या आसपास वागतात. ज्या बाईला पुढे मूल हवे आहे तिला नलिका कापणारी पद्धत सुचवण्याआधी हा परिणाम स्पष्ट शब्दांत, शक्य तर लेखी सांगितला गेला पाहिजे. याबाबत दोन मते असण्याचे कारण दिसत नाही.

टेबलावर आणि नंतर

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते. पूर्ण भूल सहसा लागत नाही, एका बाजूला अर्धा ते एक तास लागतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. इंजेक्शनची टोच आणि जळजळ हाच दुखण्याचा मुख्य क्षण, असे डॉक्टर सांगतात. चीर बोंडाच्या मुळाशी असते, म्हणून व्रण पुढे फारसा दिसत नाही.

ड्रेसिंग मात्र चमत्कारिक दिसते. बोंडात एक दोरा ओवून तो वरच्या लहान कपाला बांधतात, म्हणजे बोंड ताणलेल्या अवस्थेत राहते. काही ठिकाणी यासाठी कापलेल्या सिरिंजचाच तुकडा वापरतात. टाके विरघळणारे नसतील तर दहा ते चौदा दिवसांत काढतात. सूज आणि काळेनिळेपणा दोन आठवड्यांत ओसरतो. बधिरपणा काही आठवडे, कधी काही महिने राहतो आणि थोड्या जणींत संवेदना पूर्ण परतत नाही. पुढचे काही आठवडे घट्ट कपडे आणि पालथे झोपणे टाळायचे असते. डोक्यावर पाण्याचे हंडे, हळदीची काढणी, सोयाबीनचा हंगाम, ऊसतोडीची मोळी हे त्या काळात झेपणारे नाही. बाईच्या शेतीच्या दिनदर्शिकेत ही विश्रांती कुठे बसते हे आधी बघावे लागते.

संसर्ग, आत रक्त साकळणे, दोन्ही बाजू सारख्या न दिसणे, बोंडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटून भाग काळा पडणे हे धोके नेहमीचे नाहीत, पण खरे आहेत. तंबाखूने ते वाढतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर होतो. मराठवाड्यात बायका तंबाखूची मिश्री लावतात आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत. डॉक्टरने ‘तंबाखू खाता का’ विचारले तर उत्तर नाही येते, म्हणून मिश्रीचे नाव घेऊनच विचारायला हवे.

सर्वांत जास्त अपेक्षाभंग होतो तो बोंड पुन्हा आत गेल्याने. हे बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते आणि तिसऱ्या श्रेणीत त्याची शक्यता जास्त असते. तेव्हा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि आधीच्या व्रणामुळे ती अधिक किचकट असते.

वेळेबद्दल सर्वसाधारण संकेत असा आहे की स्तनाची वाढ पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे अठरा वर्षांच्या आत, घाई करू नये. गरोदरपणात आणि पाजत असताना शस्त्रक्रिया टाळावी आणि दूध थांबल्यावर काही महिने जाऊ द्यावेत. लग्नाआधी करावी की मुले झाल्यावर, यावर मते विभागली आहेत. आधी केली तर संकोच संपतो आणि पकड सुधारण्याची शक्यता असते. नंतर केली तर दुधाचा धोका उरत नाही, आणि काहींचे बोंड बाळाच्या चोखण्यानेच बाहेर आलेले असते.

नव्याने आत गेलेले बोंड

पन्नाशीतल्या त्या बाईचा प्रश्न सौंदर्याच्या खोलीत नेऊन चालणार नाही. जन्मापासून सरळ असलेले बोंड नव्याने, विशेषतः एकाच बाजूने आत ओढले गेले तर कर्करोग नाही याची खात्री आधी करायची. सोबत गाठ, रक्ताळलेला स्राव किंवा त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे असतील तर अजिबात थांबायचे नाही. नलिकांचा जुनाट दाह आणि आपल्याकडे क्षयरोगही अशी ओढ निर्माण करू शकतात. निदानासाठी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे सुईने घेतलेला नमुना लागतो. दुरुस्तीचा विषय त्यानंतर.

हातांनी केलेली तपासणी कुचकामी नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर दीर्घ चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तेव्हा घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही, हेही त्याच अहवालात आहे.

साखऱ्याहून पुढे

साखऱ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, सेनगावचे ग्रामीण रुग्णालय, हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, पुढे नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, ही तपासणीची वाट. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि २०२४ साली त्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. प्लास्टिक सर्जरीसाठी मात्र अजून मोठ्या शहरांकडेच बघावे लागते. नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५० च्या दशकात उभ्या केलेल्या विभागाने या शास्त्राचा महाराष्ट्रात पाया घातला. सौंदर्यासाठी म्हणून नोंदलेली शस्त्रक्रिया विमा योजनांत सहसा बसत नाही. एकीला जी दिसण्याची अडचण वाटते तीच दुसरीला बाळ पाजण्याची अडचण असते. खर्च कुणी उचलायचा, हा वाद तिथून सुरू होतो आणि अजून सुटलेला नाही.

अंतरापेक्षा संकोच मोठा आहे. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या आठ टक्केही नव्हत्या. तो अभ्यास स्तनांविषयीचा नव्हता, पण न बोललेल्या दुखण्याचे प्रमाण त्याने दाखवून दिले. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. स्तनपानासाठी काम करणारी ‘बीपीएनआय’ ही संस्था १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाली आणि केंद्राचा स्तनपानासाठीचा ‘मा’ कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. तरीही २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात जन्मानंतर तासाभरात पाजले गेलेल्या बाळांचे प्रमाण ५३ टक्क्यांच्या आसपासच होते.

काय उलगडायचे आहे

शस्त्रक्रियेवरचे बहुतेक अभ्यास एकेका शल्यविशारदाचे किंवा एकेका रुग्णालयाचे आहेत. यश कशाला म्हणायचे याची व्याख्या प्रत्येकाची वेगळी आणि पाठपुरावा कमी काळाचा. छायाचित्रांत बोंड बाहेर दिसते. त्या बाईने पुढे बाळाला त्या बाजूने पाजले का, किती दिवस, याची नोंद फार थोड्यांनी ठेवली. नलिका राखणाऱ्या दोन पद्धतींपैकी सरस कोणती, हे समोरासमोर तपासणाऱ्या चाचण्या दुर्मीळ आहेत. नलिका वाचल्या म्हणजे दूध येतेच का, हा प्रश्नही उघडा आहे. मुळात ज्यांच्या नलिका आखूड असतात त्यांना शस्त्रक्रिया न करताही पाजताना अडचण येते, मग नंतरच्या अपयशाचा दोष कुणाचा?

तोवर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या बाईने काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. आपली श्रेणी कोणती, नलिका कापणार का, दोन्ही बाजूंचा मिळून खर्च किती, बोंड पुन्हा आत गेले तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कोण देणार. घरी जाताना शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागून घ्यावी आणि त्यात कुठल्या बाजूच्या नलिका राखल्या, कुठल्या कापल्या हे लिहिलेले असावे. पुढे गरोदर राहिल्यावर हा कागद बाळंतपणाच्या फाइलला जोडला तर परिचारिकेला पहिल्याच दिवशी ठरवता येते की बाळाला आधी कुठल्या बाजूला लावायचे.